प्रश्न कोणाचा?

उन्हाळ्याच्या दिवसांत दारव्हा तालुक्यातील बोरी अरबच्या शिवारातून तुम्ही चालत गेलात, तर काळ्या जमिनीला पडलेल्या भेगा तुमच्या दृष्टीस पडतील. काही भेगा इतक्या रुंद असतात, की त्यांत मुलाचा हात सहज जावा. (तो मात्र घालू नये, विंचूही गारव्याच्या शोधात असतो.) जवळच्या बरड जमिनीला अशा भेगा पडत नाहीत.

पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी, मी सातवीच्या वर्गात मातीचे प्रकार शिकवीत होतो. तोच एक विद्यार्थी उभा राहिला व म्हणाला, "गुरुजी, आमच्या वावराले भेगा पडतात, मंग धुऱ्यापल्याडच्या बरडाले काऊन नाही पडत?" घंटा होण्यापूर्वी मला पाच प्रश्नोत्तरे लिहून द्यावयाची होती. मी म्हणालो, "पुस्तकात आहे तेवढे आधी लिहून घे." तो खाली बसला. त्यानंतर वर्षाच्या अखेरपर्यंत त्याने एकही प्रश्न विचारला नाही. परीक्षेत त्याला उत्तम गुण मिळाले, आणि ते पाहून मी संतुष्टही झालो! उत्तर शिक्षकाजवळ असते, म्हणून प्रश्नही शिक्षकाचाच असावयाचा, अशी माझी त्या वेळी समजूत होती.

मी याप्रमाणे उत्तरे लिहून देत होतो त्याच काळात, सातपुड्याच्या पलीकडे नर्मदाकाठी विज्ञानाचा तास अगदी निराळ्या रीतीने चालत असे. मध्यप्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात (त्याला आता नर्मदापुरम म्हणतात) 1972 साली 16 शाळांमधून एक प्रयोग सुरू झाला. 'किशोर भारती' आणि रसूलिया येथील 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या दोन संस्थांनी तो आरंभिला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील व दिल्ली विद्यापीठातील काही वैज्ञानिक त्याला साहाय्य करीत असत. सहावी ते आठवीची मुले चारचारांच्या टोळ्या करून बसत, हाताने प्रयोग करीत, जे दिसले ते वहीत लिहीत आणि मग त्यावर वाद घालीत. त्यांच्या 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकात प्रश्न होते. उत्तरे मुलांनी शोधावयाची होती. काचेचे महाग सामान खेड्यांत कोठून येणार? फुलाचे भाग सुटे करण्यासाठी सुईऐवजी बाभळीचा काटा चाले. परीक्षेला मुले पुस्तक व वही उघडून बसत. ही गोष्ट तुम्हांला विशेष आवडेल, हे मी जाणतो. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात लिहिलेलेच नाही, त्यासाठी पुस्तक उघडून तरी काय मिळणार? तेथे आपल्याच डोक्याला काम द्यावे लागे.

या मुलांचा एक मोठा गमतीचा मित्र होता. त्याचे नाव सवालीराम. वर्गात सुटले नाहीत असे प्रश्न मुले सवालीरामाला पत्राने कळवीत, व त्यांना उत्तरे येत. सवालीराम नावाचा मनुष्य मुळात नव्हताच. त्या नावाने कार्यकर्ते व वैज्ञानिक उत्तरे लिहीत असत. हा उपक्रम पुढे कित्येक जिल्ह्यांत पसरला, आणि 2002 मध्ये शासनाने तो बंद केला. मला तो निर्णय आजही पटत नाही.

1978 साली अरविंद गुप्ता नावाचे एक तरुण अभियंते पुण्याच्या कारखान्यातून रजा घेऊन या कामात सहभागी झाले. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि आगकाड्या यांपासून त्यांनी आकृत्या तयार केल्या. तुम्हीही करून पाहा. चार काड्यांचा चौकोन बोटाने दाबताच कलतो; तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी आपला आकार सोडीत नाही. मग घराच्या छपराखालच्या कैचीत त्रिकोण का असतात, हे कोणी सांगावे लागत नाही. पुढे पुण्याच्या 'आयुका' या संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे मुलांसाठी टाकाऊ वस्तूंची खेळणी केली. त्या संस्थेचे संस्थापक डॉ. जयंत नारळीकर यांच्याकडे मुले स्वाक्षरी मागत, तेव्हा ते म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तराखाली माझी स्वाक्षरी मिळेल. स्वाक्षरीचे मोल एक प्रश्न!

हे सर्व मला कळले तेव्हा त्या विद्यार्थ्याची आठवण झाली. परवा बोरी अरबच्या काही मुलांना घेऊन मी त्याचा जुना प्रश्न हाती घेतला. डब्यांची दोन सारखी झाकणे घेतली. माती कडेला चिकटू नये म्हणून आतून तेलाचे बोट फिरविले. एकात काळ्या मातीचा व दुसऱ्यात बरड मातीचा चिखल काठोकाठ भरला, आणि दोन्ही झाकणे सावलीत ठेवली. काही दिवसांनी काळी माती कडा सोडून आत सरकली व मध्ये तडकली. बरड माती जवळजवळ होती तेवढीच राहिली. मुलांनी पट्टीने अंतरे मोजून वहीत मांडली.

काळी माती अग्निजन्य काळ्या खडकाची झीज होऊन बनली आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण म्हणजे अत्यंत पातळ पापुद्र्यांच्या चळती होत. पावसाळ्यात पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरते, ते दूर सरतात व माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेले की पापुद्रे जवळ येतात, माती आकसते व जमीन फाटते. बरडात खडे व रेव अधिक, अशी चिकणमाती थोडी. हे मी मुलांना सांगितले खरे, परंतु मोजमाप पुरे झाल्यावर.

तेवढ्यात एका मुलीने विचारले, "दोन्ही माती निम्मी निम्मी मिसळली तर किती आकसेल, गुरुजी?"

उत्तर माझ्या अगदी ओठांवर आले होते. ते मी आवरले व तिला म्हणालो, "झाकण माझ्याजवळ आहे. माती तू घेऊन ये."