पॅडल घ्या, पण आधी आपला खेळ ओळखा

पिकलबॉलच्या पॅडलला वजनाची मर्यादा नाही, जाडीचीही नाही. नियम आहे तो आकाराचा. लांबी आणि रुंदी मिळून 24 इंचांपेक्षा जास्त भरता कामा नये आणि लांबी 17 इंचांच्या वर जाता कामा नये. म्हणजे 16 इंच लांबीचं पॅडल 8 इंच रुंद ठेवता येतं. लांबी साडेसोळा केली, की रुंदी साडेसातवर येते. एकीकडे वाढवलं की दुसरीकडे घटणारच. दुकानदार काहीही सांगो, ‘सगळ्यात भारी’ असं पॅडल नसतं. काय मिळवायचं आणि त्यासाठी काय सोडायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

लांब पॅडलने हात दूर पोचतो, सर्व्ह आणि ड्राइव्हला जोर येतो. एकेरीत अख्खं कोर्ट एकट्याने सांभाळायचं असतं, तिथे ही लांबी कामी येते. पण पॅडल अरुंद झालं, की चेंडू मधोमध लागण्याची जागाही कमी होते. रुंद पॅडलवर किंचित बाजूला लागलेला चेंडूही बऱ्यापैकी सरळ जातो. नवशिक्यांना आणि नेटजवळ झटपट हात चालवणाऱ्यांना ते मानवतं.

पॅडलचं पोटही बघायला हवं. 1965 मध्ये अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर हा खेळ सुरू झाला, तेव्हा पॅडल लाकडी होती. 1984 मध्ये बोईंग कंपनीतल्या आर्लन परांटो या अभियंत्याने विमानात वापरतात तसलं, आत षट्कोनी जाळी असलेलं हलकं पॅनेल घेऊन पॅडल बनवलं. आजही बहुतेक पॅडलची रचना तशीच आहे: मध्ये पॉलिप्रॉपिलीनची जाळी, दोन्ही बाजूंना पातळ थर. जाळी 16 मिलिमीटर जाड असेल तर चेंडूचा वेग मरतो, फटका मऊ बसतो. 13-14 मिलिमीटरच्या पॅडलवरून चेंडू चटकन सुटतो. वरचा थर फायबरग्लासचा असेल तर उसळी जास्त मिळते. खरखरीत कार्बन फायबर चेंडूला पकडून फिरकी देतं. ही खरखर मात्र वापराने झिजते.

दुहेरीत बरेचसे गुण ‘किचन’च्या रेषेवर ठरतात. नेटपासून 7 फुटांच्या या पट्ट्यात उभं राहून चेंडू हवेत मारायला बंदी आहे, म्हणून तिथे ‘डिंक’चा, म्हणजे चेंडू हळुवारपणे समोरच्या किचनमध्ये टाकण्याचा खेळ चालतो. तुमचे डिंक उंच उडून समोरच्याला स्मॅशची संधी देत असतील, तर जाड जाळीचं पॅडल घ्या. चेंडू नीट पडतात पण गुण संपवता येत नाही, अशी तक्रार असेल तरच पातळ किंवा लांब पॅडलकडे वळा.

आधी कोणता खेळ खेळत होतात, यावरही बरंच अवलंबून असतं. टेनिसवाल्यांना दोन हातांच्या बॅकहँडसाठी साडेपाच इंचांच्या आसपासची मूठ लागते. टेबल टेनिसवाले बोट पॅडलच्या पाठीवर टेकवतात. त्यांना आखूड मूठ चालते. मनगटावर खेळणारे बॅडमिंटनपटू हलक्या पॅडलवर लवकर रुळतात.

बरीच पॅडल 215 ते 240 ग्रॅमच्या दरम्यान असतात. पण तराजूवरचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. वजन टोकाकडे असेल, तर हलकं पॅडलही फिरवताना जड वाटतं. फार हलकं पॅडल घेतलं, तर जोर सगळा हातालाच लावावा लागतो. फार जड घेतलं, तर शेवटच्या गेमपर्यंत खांदा भरून येतो. कोपर आधीच दुखत असेल तर मध्यम वजन आणि जाड जाळी बरी. मुठीच्या घेराबाबत शंका असेल तर बारीक मूठ घ्या. ओव्हरग्रिप गुंडाळून ती जाड करता येते; जाड मूठ बारीक करणं अवघड. आपल्याकडच्या घामाच्या दिवसांत ओव्हरग्रिप लागणारच आहे, त्याची जाडीही हिशेबात धरा.

खरेदीआधी दोन-तीन गेममध्ये आपण गुण कुठे घालवतो, याची नोंद जोडीदाराला ठेवायला सांगा. मग क्लबातल्या कुणाचं तरी पॅडल मागून त्याच फटक्यांवर वापरून बघा. एरवी जे फटके छान बसतात, ते कुठल्याही पॅडलने बसतील. परीक्षा घ्यायची ती चुकणाऱ्या फटक्यांवर.