राणीवधाची दोनशे वर्षे

जिनिव्हाजवळ १८०४ सालच्या जूनमध्ये निसर्ग-अभ्यासक पिएर ह्यूबर फिरायला निघाला होता. वाटेत तांबूस मुंग्यांची एक फौज त्याला आडवी गेली आणि तो तिच्या मागे लागला. फौज काळसर मुंग्यांच्या वारुळात घुसली, काही वेळाने बाहेर पडली ती जबड्यात कोष धरून. पळवलेल्या त्या कोषांतून पुढे ज्या मुंग्या निघत, त्या परक्या घरालाच आपले समजून तिथे राबत. ह्यूबरने मग तीसेक तांबूस मुंग्या एका पेटीत कोंडल्या. सोबत मध ठेवला, त्यांच्याच अळ्या ठेवल्या. दोन दिवसांत अर्ध्याअधिक उपाशी मेल्या, कारण समोरचे अन्नही त्यांना खाता येईना. मग त्याने एकच काळी मुंगी आत सोडली. तिने उरलेल्यांना भरवले, अळ्या सांभाळल्या, घर लावले. डार्विनने १८५९च्या ग्रंथात हा प्रयोग आवर्जून सांगितला आणि दक्षिण इंग्लंडात स्वतःही अशा लुटारू मुंग्यांची वारुळे उकरून पाहिली.

या फौजांचे वेड पुढे बराच काळ ओसरले नाही. पण खरा पेच वेगळा होता. मीलनाच्या उड्डाणानंतर पंख गाळलेली, लुटारू जातीची तरुण राणी एकटी असते. लूट करायला लेकी नाहीत आणि घरात राबणारे कोणी नाही. मग तिचा संसार सुरू होतो कसा?

उत्तराचा पहिला धागा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्युनिशियातल्या कैरवान गावी मिळाला. फेलिक्स सांची हा तिथला डॉक्टर, दवाखाना सांभाळून मुंग्या पाहायचा. त्याने पाहिलेली बोथ्रिओमिरमेक्स नावाच्या मुंगीची राणी परक्या वारुळापाशी जाऊन कामकरी मुंग्यांच्या तावडीत सापडते आणि ओढत आत नेली जाते. आत गेल्यावर ती थेट यजमान राणीच्या पाठीवर चढून बसते आणि सावकाश तिचे मुंडके कापून काढते. त्याच सुमारास अमेरिकेत व्हीलर हा मुंग्यांचा अभ्यासक दाखवत होता, की काही जातींच्या राण्या असे परके घर फक्त सुरुवातीपुरते वापरतात. जुन्या कामकरी मरत जातात, नव्या राणीच्या लेकी वाढत जातात आणि वर्ष-दोन वर्षांत वारूळ पूर्ण तिचे होते. कार्लो एमेरीने १९०९मध्ये यात आणखी एक गोष्ट टिपली: परजीवी मुंगीचा यजमान बहुधा तिचाच जवळचा नातलग असतो. मुंग्यांतलीही भाऊबंदकीच म्हणायची.

खुनाची गरजच न उरलेली जात १९४९मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सास-फे इथे सापडली. शोधणारा हाइनरिख कुटर औषधविक्रेता होता. टेलिउटोमिरमेक्स नावाच्या या मुंगीत कामकरीच नसतात. तिच्या इवल्याशा राण्या यजमान राणीच्या अंगावर चिकटून राहतात आणि तिला मिळणाऱ्या खाण्यावर जगतात.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हॉवर्ड टोपॉफ यांनी अ‍ॅरिझोनात केलेले काम. ह्यूबरच्या लुटारू मुंग्यांची तिथली भावंडे त्यांनी १९८०-९०च्या दशकांत अभ्यासली. या पोलिएर्गस मुंग्यांची राणी फॉर्मिका मुंग्यांच्या वारुळात घुसते तेव्हा तिच्यावर चहूकडून हल्ला होतो. पोटातल्या एका ग्रंथीचा स्राव तो हल्ला बोथट करतो. ती थेट यजमान राणीला गाठते आणि वीस-पंचवीस मिनिटे तिला चावत आणि चाटत राहते. यजमान राणी मेली की हल्ला थंडावतो. काही क्षणांपूर्वी जिचे लचके तोडत होत्या, तिलाच कामकरी मुंग्या चाटूनपुसून साफ करू लागतात. पण वारुळातली राणी आधीच काढून टाकली, तर घुसलेल्या पाहुणीला तसा स्वीकार मिळत नाही. म्हणजे खून हा नुसता अडसर दूर करण्यासाठी नसतो. मरणाऱ्या राणीचा गंध अंगावर घ्यायचा असतो, आणि वारुळात ओळख पटते ती गंधानेच.

यजमान अगदीच भोळे असतात असेही नाही. जर्मनीतल्या सुझान फॉइट्झिक आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये दाखवले, की पळवून आणलेल्या काही मुंग्या मालकिणीची पिल्ले सांभाळता सांभाळता तीच मारूनही टाकतात.

जपानमधून २०२५मध्ये आलेली हकीकत मात्र सांचीच्या राणीलाही मागे टाकते. लॅसियस ओरिएंटॅलिस जातीची राणी यजमानांचा गंध घेऊन आत शिरते. ती यजमान राणीला चावत नाही. पोटातला द्रव, बहुधा फॉर्मिक आम्ल, तिच्यावर फवारते आणि लगेच दूर पळते. तो वास लागताच लेकी स्वतःच्या आईवर तुटून पडतात. घुसलेली राणी पुन्हा येते, पुन्हा फवारते. काही दिवसांत लेकीच आईला संपवतात. त्यानंतर ही राणी येऊन अंडी घालू लागते आणि लेकी तिची सेवा करतात. प्राणिजगतात आईला मारणारी पिल्ले इतरत्रही आहेत, पण तिथे आईला नाही तर पिल्लांना तरी काही लाभ होतो. इथे सगळा लाभ तिऱ्हाइताचा.

हा प्रकार क्युशू विद्यापीठाच्या केइझो ताकासुका यांनी सहकाऱ्यांसह 'करंट बायॉलॉजी'त मांडला. निबंधावर पहिले नाव आहे टाकू शिमादा यांचे, आणि ते मुंग्या पाळणारे हौशी आहेत.