ओलाव्याचा हिशेब

व्हेनिसच्या गल्ल्यांत कचऱ्याचा ट्रक शिरू शकत नाही. तिथला कचरा हातगाड्यांवरून कालव्याशी येतो आणि होडीतून शहराबाहेर पडतो. या शहरात २००६पासून दर दोन वर्षांनी बायोमास आणि कचरा यांपासून ऊर्जा मिळवण्याविषयी आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरू लागला. जवळच्या पादुआ विद्यापीठातले प्राध्यापक राफाएल्लो कोस्सू आणि कचऱ्यावर काम करणाऱ्या संशोधकांची आंतरराष्ट्रीय संघटना यांचा त्यात पुढाकार. कचरा भट्टीत जाळणारे, कमी हवेत तापवून त्यातून वायू काढणारे, जिवाणूंकडून तो कुजवून घेणारे, जुन्या कचरा डेपोंतला मिथेन ओढून घेणारे असे सगळे तिथे एका छताखाली येतात. हाच या मेळाव्याचा मोठा फायदा, कारण एरवी जो तो आपल्याच यंत्राचे गुण गातो आणि वर्तमानपत्रांत मथळा येतो तो ‘कचऱ्यातून इतके मेगावॅट’ असा. हे सगळे मार्ग शेजारी शेजारी ठेवून पाहिले, की विजेच्या आधी एक साधा प्रश्न पुढे येतो: या कचऱ्यात पाणी किती?

पाणी उकळीला आल्यावरही त्याच्या एका किलोची वाफ व्हायला सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे निम्मे पाणी असलेला किलोभर कचरा भट्टीत टाकला, तर तीनशेच्या आसपास किलोकॅलरी तो नुसता वाळवण्यातच जातात. युरोपातल्या कचऱ्यात कागद, पुठ्ठा, प्लास्टिकची वेष्टने भरपूर, म्हणून त्याला हा खर्च झेपतो. आपल्याकडच्या बादलीत भाजीची देठे, केळीची साले, शिळा भात आणि चहाचा चोथा. वर रस्त्यावरची माती. जळण्याजोगा पुठ्ठा आणि बाटल्या कचरावेचकांनी आधीच वेचून नेलेल्या असतात, आणि ते योग्यच आहे. दिल्लीतल्या तिमारपूरला १९८७ साली डॅनिश तंत्रज्ञानाची भट्टी उभी राहिली. रोज ३०० टन कचरा जाळून पावणेचार मेगावॅट वीज मिळेल, असा तिचा आराखडा होता. किलोमागे चौदाशेहून अधिक किलोकॅलरी उष्णता गृहीत धरली होती. दिल्लीच्या कचऱ्याने दिली सहाशे-सातशे. अवघ्या तीन आठवड्यांत भट्टी बंद पडली. इतका महागडा प्रयोग करण्याआधी कचऱ्याचा नमुना तपासायला फारसा खर्च आला नसता.

भट्टीला जो ओलावा नकोसा, तोच जिवाणूंना हवा असतो. हवाबंद टाकीत ते ओला कचरा पचवतात आणि त्यातून निघणाऱ्या वायूत निम्म्याहून अधिक मिथेन असतो. उरलेला बहुतांशी कार्बन डायऑक्साइड. दलदलीतून बुडबुड्यांनी वर येणारा हा जळाऊ वायू १७७६ साली शास्त्रज्ञ व्होल्टाने इटलीतल्याच माज्जोरे सरोवराकाठी गोळा केला होता. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ साली मैल्यापासून निघालेल्या वायूवर दिवे लावले गेले. म्हणजे या तंत्राला परदेशी नवलाई समजण्याचे कारण नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये इंदूरला सुरू झालेला प्रकल्प रोज ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा आहे. त्यातून दिवसाला १७ टनांच्या आसपास शुद्ध केलेला वायू आणि शंभर टन खत मिळावे, अशी त्याची योजना. शहरातल्या बस या वायूवर चालवायच्या होत्या. हे इंदूरला जमण्याजोगे झाले, कारण तिथे घराच्या दारातच ओले-सुके वेगळे करण्याची सवय त्याआधी काही वर्षे लावलेली होती.

यावर ठरलेला आक्षेप असा, की सगळ्या शहरांना अशी शिस्त लागणार नाही, तेव्हा मिसळलेलाच कचरा घेईल असे यंत्र आणा. पण मिसळीचा त्रास टाकीलाही होतो. लखनऊमध्ये २००३च्या सुमारास पाच मेगावॅटचा बायोगॅस प्रकल्प उभारला गेला. वेगळा केलेला ओला कचरा पुरेसा मिळेना आणि तोही बंद पडला. भट्टीचे दुखणे आणखी गंभीर. डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्ये आटोक्यात राहायला धूर किमान दोन सेकंद ८५० अंश तापमानात राहावा लागतो. कचरा ओला असला की भट्टी थंडावते आणि वरून तेल किंवा गॅस जाळावा लागतो. वर्गीकरण टाळण्याची किंमत अशी इंधनाच्या बिलात येते, किंवा शेजारच्या वस्तीच्या श्वासात.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: डेन्मार्क, स्वीडन कचरा जाळूनच पुढे गेले ना? गेले खरे, पण तिथल्या भट्ट्यांची उष्णता नळांवाटे घराघरांत जाते आणि लांबलचक हिवाळ्यात तिला गिऱ्हाईक असते. नागपूरच्या मे महिन्यात ती कोणाला विकायची? अर्थात सुक्यातला जो भाग पुन्हा वापरता येत नाही, त्यासाठी भट्टीला जागा आहेच. आपल्या कचऱ्याविषयीच्या २०१६च्या नियमांतही किलोला १५०० किलोकॅलरी किंवा अधिक उष्णता देणारा, पुनर्वापर न होणारा कचरा ऊर्जेसाठी वापरावा, असे म्हटले होते. अडचण भट्टीच्या आकाराची आहे. एकदा ती बांधली, की पंचवीस-तीस वर्षे तिची भूक भागवावी लागते. डेन्मार्कमधल्या भट्ट्यांची क्षमता देशातल्या कचऱ्यापेक्षा वाढली आणि बाहेरून कचरा आयात होऊ लागला. अखेर २०२० साली तिथल्या सरकारने दहा वर्षांत ही क्षमता तीस टक्क्यांनी घटवण्याचे ठरवले. आपल्या महापालिका आज रोज अमुक टन कचरा पुरवण्याचे दीर्घ मुदतीचे करार करतात, तेव्हा त्या कागदावर टनांच्या शेजारी ओलाव्याची टक्केवारी लिहिलेली आहे का, हे नगरसेवकांनी सही होण्याआधी विचारायला हवे.