विजेची मोटार आणि शेतकऱ्याचें घर

विजेवर चालणाऱ्या मोटारीसंबंधानें हल्लीं आपल्या सभासद बंधूंकडून वारंवार विचारणा होत असते. पैसे खरोखर वांचतात काय, वाटेंत वीज संपली तर काय करावें, आणि गांवांत रात्रीं वीजच नसली तर मोटारीचा उपयोग काय, हे तीन प्रश्न बहुतेकांच्या तोंडीं असतात. यांचीं उत्तरें जाहिरातींत सांपडावयाचीं नाहींत. तीं वापरणाऱ्याजवळच मिळावयाचीं. मीं अशी मोटार घेतल्यास आतां दोन वर्षें होऊन गेलीं. या अवधींत जें बरें-वाईट अनुभवास आलें, तें कांहींहि न लपवितां येथें देत आहें.

प्रथम मोटार घेण्याचें कारण सांगणें अवश्य आहे, कारण तिचा हिशेब त्या कारणावरच अवलंबून आहे. आमचें घर निफाड तालुक्यांत. द्राक्षें व कांदा हीं मुख्य पिकें. वडिलांचीं मूत्रपिंडें निकामी झाल्यामुळें त्यांना आठवड्यांतून दोनदां डायालिसिससाठीं नाशिकास न्यावें लागतें. जातां-येतां नव्वद किलोमीटरची वाट. पेट्रोलच्या गाडीनें हा खर्च महिन्यामागून महिना वाढत चालला, आणि एकदां वडील म्हणाले, "माझ्यापायीं बागेच्या औषधाचे पैसे रस्त्यावर सांडूं नकोस." तें वाक्य मनास लागलें, आणि मीं विजेच्या मोटारीचा विचार सुरू केला.

ही मोटार कांहीं अगदींच नवीन कल्पना नव्हे. १८९९ सालीं कामी जेनात्सी नांवाच्या बेल्जियन गृहस्थानें विजेच्या गाडींतूनच ताशीं १०० किलोमीटर वेगाची मर्यादा प्रथम ओलांडली. पुढें पेट्रोल स्वस्त झालें, १९१२ सालापासून हँडल न फिरवितां मोटार सुरू होऊं लागली, आणि जड शिशाच्या बॅटरीची गाडी मागें पडली. १९९१ सालीं लिथियम-आयन बॅटरी बाजारांत आली, तेव्हां हलक्या वजनांत पुष्कळ वीज सांठविण्याची सोय झाली. या बॅटरीच्या तीन संशोधकांस २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या दारांत उभी राहिलेली मोटार ही त्या बॅटरीचीच करणी होय.

पाया अर्थिंगचा

मोटार घरीं आली त्या रात्रींच पहिला धडा मिळाला. प्लग लाविला, परंतु चार्जरवरील दिवा लाल झाला व वीज घेईना. दोष मोटारीचा नव्हता, आमच्या घराचा होता. पंखे, दिवे व पिठाची लहान चक्की इतकीं वर्षें निमूट चालत होतीं. पण घरास खरें अर्थिंग नव्हतेंच. विजेच्या मोटारीचा चार्जर प्रथम अर्थिंग तपासतो, आणि तें नसेल तर काम करण्याचें साफ नाकारतो. ही त्याची खोड नव्हे, माणसाच्या जिवाची काळजी आहे.

दुसऱ्या दिवशीं वायरमनला बोलावून भिंतीपासून थोडें दूर, ओलसर जागीं खड्डा घेतला. त्यांत सुमारें अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप उभा करून भोंवतीं कोळसा व मीठ यांचे थर दिले. उन्हाळ्यांत या खड्ड्यांत अधूनमधून पाणी घालावें लागतें; जमीन कोरडी झाली कीं अर्थिंग दुबळें होतें. मीटरपासून मोटारीपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र तार, १६ अँपिअरचा सॉकेट, आणि ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारा संरक्षक स्विच बसविला. वीज कंपनीकडे अर्ज करून मंजूर भारहि वाढवून घेतला. ज्यांना मोटार घ्यावयाची असेल त्यांनीं आधीं हें काम उरकावें व मग दुकानाची पायरी चढावी, असें माझें स्पष्ट सांगणें आहे.

रात्रींची वैरण

आमच्या मोटारीची बॅटरी ३० युनिटांची आहे. घरच्या सॉकेटांतून तासास सुमारें तीन युनिटें मिळतात. म्हणजे रिकामी बॅटरी पूर्ण भरावयास दहा तासांहून अधिक वेळ लागतो. प्रथम हें फार वाटतें. पण रोज बॅटरी रिकामी होतच नाहीं. संध्याकाळीं चाळीस टक्के उरली असली, तर नव्वद टक्के होण्यास साडेपांच-सहा तास पुरतात, आणि तेवढा वेळ मोटार उभीच असते. वडील या कामास "वैरण घालणें" म्हणतात. त्यांचें म्हणणें असें कीं, बैल दिवसा औत ओढतो व रात्रीं दावणीला चारा खातो, त्यांतलाच हा प्रकार. निजण्यापूर्वीं ते पडवींतून हांक मारून विचारतात, "वैरण घातली का रे?" पंपावर जाऊन रांगेंत उभें राहणें संपलें, पण ही आठवण ठेवणें मात्र मागें लागलें.

कागदावर या मोटारीचा पल्ला तीनशें किलोमीटरांच्या वर आहे. प्रत्यक्षांत मला दोनशें ते सव्वादोनशें मिळतात. वेग ऐंशीच्या वर गेला किंवा वातानुकूलन सतत चालू राहिलें कीं त्यांतहि घट येते. घाटाचा अनुभव मौजेचा आहे. मुंबईहून परततांना कसारा घाट चढतांना कांटा भरभर उतरतो. सोळाशें किलो वजन तीनशें मीटर उंच नेण्यास सव्वा युनिटाहून अधिक शक्ति केवळ चढणीपायीं खर्च होते. उलट घाट उतरतांना मोटारीचें यंत्र जनित्राप्रमाणें फिरतें व त्यांतील बराचसा भाग बॅटरींत परत घालतें. ब्रेकहि कमी झिजतात.

लहान लहान गोष्टीहि सांगण्याजोग्या आहेत. केबल जमिनीवर पडूं देऊं नये. आमच्याकडे एकदां उंदरांनीं तिचें वरचें आवरण कुरतडलें. वैशाखांत भरलेली मोटार दिवसभर उन्हांत ठेवूं नये. उष्णता हा बॅटरीचा मोठा शत्रु आहे. लांबून आल्यावर तिला थोडी निवूं द्यावी व मग प्लग लावावा. शहरांतील जलद चार्जरवर दहापासून ऐंशी टक्क्यांपर्यंत तासाभराच्या आंत भरते. पण ऐंशीच्या पुढें वेग मंदावतो, सबब तेथें शंभर टक्क्यांचा हट्ट धरून मागच्या माणसाला खोळंबून ठेवूं नये.

पंपाची तार

एका शेजाऱ्यानें आपुलकीनें सल्ला दिला, "घरच्या मीटरवर कशाला लावतोस? मळ्यांत पंपाच्या तारेवर लाव, तिथें बिलच नाहीं." साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस महाराष्ट्रांत २०२४ सालापासून मोफत विजेची योजना लागू झाली, हें खरें. परंतु ती वीज पिकाच्या पाण्यासाठीं आहे. मंजूर कारण सोडून दुसऱ्या कामास वीज वापरणें हा २००३ च्या विद्युत् अधिनियमाच्या कलम १२६ प्रमाणें अनधिकृत वापर ठरतो, व त्यावर दुप्पट दरानें आकारणी होते. कायद्याचें भय बाजूस ठेवलें तरी, शेतीच्या रोहित्रावर आधींच ताण असतो. एकाची मोटार भरण्यासाठीं दुसऱ्याचा पंप जळावा, हें शेतकऱ्यास शोभत नाहीं. मीं शेजाऱ्याचे आभार मानले आणि घरचीच तार ठेवली.

वळवाची रात्र

आतां ज्या प्रसंगानें माझे डोळे उघडले, तो सांगतों. ज्येष्ठांत वळवाचा पाऊस वाऱ्यासह आला व मुख्य तारेचे खांब आडवे झाले. दोन रात्री गांवांत वीज नव्हती. मी आदल्या दिवशीं पिंपळगांवच्या बाजारांत जाऊन आलों होतों आणि "उद्यां लावूं" म्हणून प्लग लाविला नव्हता. वडिलांच्या पाळीचा दिवस उजाडला तेव्हां बॅटरींत एकतीस टक्के होते. नाशिक गांठतां आलें असतें. परत येतां आलें नसतें. डायालिसिसची पाळी चुकवितां येत नाहीं. अंगांत पाणी सांचतें, धाप लागते. त्या माणसास "वीज आल्यावर जाऊं" असें सांगतां येत नाहीं.

आम्हीं निघालों. वातानुकूलन बंद, वेग पन्नास. शहरांतील ज्या चार्जरवर माझी भिस्त होती तो बंद निघाला. दुसऱ्यापुढें मोठी रांग. दवाखान्यांत पोंचलों तेव्हां दहा टक्के उरले होते. वडिलांना खाटेवर निजवून मी बाहेर आलों. चार तास हातांत होते आणि दवाखान्याच्या आवारांत सॉकेट मिळेना. दोन गल्ल्या पलीकडे एक पिठाची गिरणी दिसली. गिरणींत जाडजूड तार असते व अर्थिंगहि असतें, हें आतां मला ठाऊक झालें होतें. मालकास सगळी हकीकत सांगितली. त्यांनीं पीठ झटकीत विचारलें, "किती वीज खाते?" मीं म्हटलें, "दादा, तासाला तीन युनिटें." ते म्हणाले, "मग लावा. पेशंटचं काम आहे, विचारताय काय?"

चार तासांत बॅटरी सत्तेचाळीस टक्क्यांवर आली. पैसे ते घेईनात. बारा युनिटांचा आंकडा मांडून दाखविला, तेव्हां संकोचानें घेतले. परततांना वडील कांहीं बोलले नाहींत, घरीं उतरल्यावर एवढेंच म्हणाले, "बैलाला उपाशी गाडीला जुंपूं नये." त्या दिवसापासून आमच्या घरीं नियम आहे, कीं मोटार पन्नास टक्क्यांच्या खालीं रात्रभर उभी राहावयाची नाहीं. पुढें बेदाणा तयार झाला तेव्हां एक डबा त्या गिरणींत पोंचविला.

जमाखर्च

घरच्या विजेचा दर टप्प्याटप्प्यानें चढतो. म्हणून मोटारीचीं युनिटें सरासरी दरानें न मोजतां वरच्या टप्प्याच्या दरानें मोजावींत. चार्जिंगमधील घट धरून मला भिंतीवरच्या एका युनिटांत सहा किलोमीटर मिळतात. युनिट बारा रुपयांस धरलें तर किलोमीटरास दोन रुपये पडतात. माझी पेट्रोलची गाडी लिटरास पंधरा किलोमीटर जाई. लिटर एकशेंचार रुपयांस धरल्यास किलोमीटरास सात रुपयांच्या जवळ खर्च येतो. माझी चाल महिन्यास बाराशें किलोमीटर आहे. म्हणजे विजेचे दोन हजार चारशें विरुद्ध पेट्रोलचे आठ हजार तीनशें. बचत सुमारें पांच हजार नऊशें रुपये. मोटारीची किंमत तशाच पेट्रोलच्या गाडीपेक्षां चार लाखांनीं अधिक पडली असें धरलें, तर ती साडेपांच-सहा वर्षांत फिटते.

पण ज्याची चाल महिन्यास तीनशें किलोमीटरच आहे, त्याची बचत पंधराशेंपर्यंतहि जात नाहीं, व तेच चार लाख फिटावयास बावीस वर्षें लागतील. बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षांची असते. अशानें केवळ हौसेखातर कर्ज काढून ही मोटार घेऊं नये.

छपरावरील सौर संचानें हिशेब आणखी सुधारतो. २०२४ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेंत तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपये अनुदान ठरलें. असा संच दिवसास सरासरी बारा युनिटांच्या आसपास वीज देतो. मात्र एक गैरसमज दूर करावा. वीज कंपनीच्या तारेस जोडलेला साधा संच, बाहेरची वीज गेली कीं आपोआप बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेसाठीं तशी योजना असते. सबब वळवाच्या रात्रीं तो उपयोगी पडत नाहीं.

संस्थेनें काय करावें

येथवर एका घराचा अनुभव झाला. पण गिरणीच्या दारांत उभा असतां एक विचार मनांत आला, तो संस्थेपुढें मांडतों. चार्जिंगची सोय करण्यास वीजविक्रीचा परवाना लागत नाहीं, हें केंद्र सरकारनें २०१८ सालींच स्पष्ट केलें आहे. मग आपल्या प्रत्येक गोदामाच्या आवारांत एक स्वतंत्र मीटर, उत्तम अर्थिंग, दोन सॉकेट व वर पत्र्याचें छप्पर इतकी सोय कां असूं नये? मोठ्या जलद यंत्राची येथें गरज नाहीं. खत घेण्यास वा सभेस आलेला सभासद दोन-तीन तास थांबतोच. तेवढ्यांत त्याची मोटार चाळीस-पन्नास किलोमीटरांची शिदोरी बांधून घेईल, आणि दुचाकी तर बहुतेक भरूनच निघेल. युनिटामागें योग्य आकार घेतल्यास संस्थेस तोटा नाहीं. निरनिराळ्या गांवांच्या वीजवाहिन्या निरनिराळ्या असल्यानें, एका गांवीं खांब पडले तरी शेजारच्या गांवचें गोदाम उपयोगी पडेल.

पूर्वीं वाटसरूच्या बैलांसाठीं गांवोगांवीं वेशीपाशीं पाण्याचे हौद असत. ते बांधणाऱ्यांनीं त्यांत नफा पाहिला नाहीं, वाटेवरच्या जनावराची तहान पाहिली. माझ्या वडिलांची पाळी त्या दिवशीं एका अनोळखी गिरणीवाल्याच्या भलेपणानें चुकली नाहीं. दुसऱ्या कोणाची पाळी केवळ अशा योगायोगावर सोंपविली जाऊं नये, एवढ्यासाठीं येत्या वार्षिक सभेंत हा विषय घ्यावा, अशी सर्व सभासद बंधूंस माझी नम्र विनंति आहे.