दुहेरीचा खेळाडू

बॅडमिंटन हा खेळ आपल्या घरांना परका नाही. सुटीच्या दिवसांत अंगणात दोरी बांधून भावंडांनी फूल टोलवीत बसावे, हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. इंग्रजी अमदानीत ह्या खेळास 'पूना' असेही म्हणत, ही गोष्ट पुणेकरांस सुखावणारी आहे. परंतु हाच खेळ, आणि त्यातही दुहेरीचा, ज्याने व्यवसाय म्हणून पत्करला, त्याचे आयुष्य कसे असते ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. एकेरीच्या विजेत्याचे नाव सर्वतोमुखी होते. दुहेरीतला खेळाडू कितीही मोठा झाला तरी एका जोडनावाचा अर्धा भाग असतो. हे अर्धेपण म्हणजे उणेपण आहे काय, ते एका जोडीच्या चरित्रावरून पाहण्यासारखे आहे.

ती जोडी म्हणजे मुंबईचे चिराग शेट्टी (जन्म १९९७) आणि आंध्र प्रदेशातील अमलापुरमचे सात्विकसाईराज रंकीरेड्डी (जन्म २०००). शेट्टी ह्यांनी गोरेगावास उदय पवार ह्यांच्या अकादमीत खेळाचे धडे घेतले. पुढे हैदराबादेस गोपीचंद ह्यांच्या अकादमीत मलेशियाचे प्रशिक्षक तान किम हर ह्यांनी ह्या दोघांची सांगड घातली. ती वरवर पाहता विजोडच होती. दोघेही उंचेपुरे, दोघांचाही भर मागून जोरकस स्मॅश मारण्यावर. आणि एकजण तेलुगू मुलखातला, तर दुसरा मुंबईत वाढलेला.

दोघेही मागे खेळणारे असले तर बिघडले कोठे, असे कोणी विचारील. दुहेरीचे पटांगण ४४ फूट लांब व २० फूट रुंद असते, म्हणजे एकेरीहून ३ फूट अधिक रुंद. चढाई चालू असता एकाने मागे व दुसऱ्याने जाळ्याजवळ राहावयाचे; बचावाची पाळी येताच दोघांनी शेजारी शेजारी उभे राहून निम्मे निम्मे पटांगण सांभाळावयाचे. ही अदलाबदल निमिषार्धात आणि न बोलता व्हावी लागते. टाळ्या पडतात त्या मागून स्मॅश मारणाऱ्यास. परंतु प्रतिपक्षाने कसेबसे परतविलेले फूल जाळ्यापाशी टिपण्यास दुसरा तेथे नसला, तर तो स्मॅश फुकट जातो. रंकीरेड्डी ह्यांच्या स्मॅशचा वेग २०२३ साली जपानात मोजला असता ताशी ५६५ किलोमीटर भरला व त्याची नोंद गिनीजच्या विक्रमांत झाली. जाळ्याजवळची जागा बव्हंशी शेट्टी ह्यांच्याकडे आली, आणि तेथील नाजूक कसब त्यांना नव्याने कमवावे लागले.

व्यवसायाच्या हिशेबातही हे अर्धेपण दिसते. जागतिक क्रमवारी जोडीच्या नावाने लागते. एकाचा खांदा दुखावला की दोघांचेही सामने बुडतात. मोठ्या स्पर्धांत बक्षिसाच्या एकूण १०० रुपयांपैकी एकेरीच्या विजेत्यास ७ रुपये मिळतात. दुहेरीत विजयी जोडीस दोघांत मिळून ७ रुपये ४० पैसे. म्हणजे एका माणसाच्या वाट्यास एकेरीच्या विजेत्याच्या निम्म्याहून किंचित अधिक!

दैवाची परीक्षा मात्र पैशाहून कठोर असते. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ साली झाले. तेथे चार जोड्यांच्या गटातून दोन पुढे जावयाच्या होत्या. ह्या दोघांनी पहिल्याच सामन्यात तैवानच्या ली यांग व वांग ची-लिन ह्यांस हरविले. शेवटचा गेम २७-२५ असा चुरशीचा झाला. पुढे ते इंडोनेशियाच्या जोडीकडून हरले, व ब्रिटनच्या जोडीवर विजयी झाले. तिन्ही अग्रेसर जोड्यांचे विजय दोन-दोन झाले. तेव्हा जिंकलेल्या गेममधून हरलेले गेम वजा करून पाहण्यात आले: इंडोनेशियाचे ३ उरले, तैवानचे २, आणि आपले १. अशा रीतीने आपली जोडी घरी परतली, व तिने हरविलेल्या जोडीने सुवर्णपदक पटकाविले. अशा प्रसंगी मनुष्य स्वतःस दोष देत नाही, जोडीदारास देतो. आणि कित्येक जोड्या येथेच मोडतात.

ही जोडी मोडली नाही. २०२२ साली बँकॉक येथे भारताने इंडोनेशियास ३-० असे हरवून थॉमस चषक प्रथमच जिंकला, त्यातील दुहेरीचा विजय ह्यांचा होता. त्याच वर्षी त्यांस राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सुवर्ण व जागतिक स्पर्धेत कांस्य मिळाले. मलेशियाच्या आरोन चिया व सो वूई यिक ह्यांच्याशी पडलेले पहिले आठही सामने ते हरले होते. नववा त्यांनी २०२३ च्या इंडोनेशिया खुल्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत जिंकला. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी भारतास बॅडमिंटनचे पहिले सुवर्ण मिळवून दिले, आणि ऑक्टोबरात जगात पहिला क्रमांक पटकाविला. २०२३ सालचा खेलरत्न पुरस्कारही दोघांस मिळाला.

तथापि ऑलिंपिकने पुन्हा हुलकावणी दिली. २०२४ साली पॅरिसमध्ये, उपांत्यपूर्व फेरीत, पहिला गेम २१-१३ असा जिंकूनही ते त्याच मलेशियन जोडीकडून हरले. एक वर्षाने, २०२५ च्या जागतिक स्पर्धेत, त्याच शहरी, त्याच फेरीत, तेच प्रतिस्पर्धी समोर आले. ह्या खेपेस आपली जोडी सरळ दोन गेममध्ये विजयी झाली व कांस्यपदक घेऊन परतली.

एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस ह्या चरित्राचे मर्म वेगळे उलगडून सांगावयास नको. ज्या घरात मिळकतीची व मानाची वाटणी काटेकोर होत नाही, तेथे एकाची चूक दुसऱ्याने मुकाट्याने निस्तरावी लागते, आणि आपल्या कर्तृत्वाचे श्रेय घराच्या नावावर जमा झालेले पाहावे लागते. हे सर्वांस साधत नाही. शेट्टी व रंकीरेड्डी ह्यांना ते टोकियोच्या त्या दिवसानंतरही साधले. पदकांची संख्या मोजताना ही मिळकतही हिशेबात धरली पाहिजे, असे आम्हांस वाटते.