विरळ हवेतील वजनाचा हिशेब



माझे आयुष्य हमालांत गेले. शाळा चौथीपर्यंत, पुढचे जे काही शिकलो ते गोदामात, मालधक्क्यावर आणि संघटनेच्या कचेरीत. असा माणूस विमानतळाविषयी काय सांगणार, अशी शंका आपल्या मनात आली असेल तर ती रास्तच आहे. पण हमालाला एक गोष्ट पक्की कळते, ती म्हणजे वजन. आणि लडाखमधील लेहच्या विमानतळाची सारी हकीकत, नीट पाहिली तर, वजनाचीच हकीकत आहे.

हा विमानतळ समुद्रसपाटीपासून 3,256 मीटर, म्हणजे 10,682 फूट उंच आहे. आपल्या कळसूबाईवर दुसरे कळसूबाई ठेवले तर जवळजवळ तेवढी उंची होईल. इतक्या उंचीवर हवेचा दाब मुंबईच्या मानाने सुमारे दोन तृतीयांश उरतो. आता विमान तरते कशावर? पंखांवरून वेगाने वाहणाऱ्या हवेवर. हवा विरळ, तर तेवढाच भार उचलायला विमानाला अधिक वेगाने पळावे लागते. लेहला हा वेग मुंबईपेक्षा सुमारे सहाव्या हिश्श्याने जास्त लागतो. त्यात इंजिनालाही हवाच हवी. तीच कमी म्हटल्यावर त्याचा जोरही कमी. म्हणजे पळायचे जास्त आणि पायांत बळ कमी! उतरताना तोच वाढीव वेग थांबवायचा, म्हणून ब्रेकवर ताण अधिक.

याला तोड एकच: ओझे कमी करायचे. कधी माल मागे ठेवायचा, कधी काही खुर्च्या रिकाम्या सोडायच्या. लेहहून निघणाऱ्या विमानात प्रत्येक किलोचा हिशेब होतो तो यामुळे.

जागाही अडचणीची. सिंधू नदीच्या खोऱ्यात, चहूकडे डोंगर. धावपट्टी पूर्वेकडे चढत जाते आणि त्या टोकाला डोंगर उभे. म्हणून विमाने पश्चिमेकडून येऊन चढावर उतरतात आणि निघताना उलट तोंड करून उतारावर धावत पश्चिमेकडेच जातात. जवळच्या टेकडीवर स्पितुकचा मठ आहे. त्या मठाचे प्रमुख कुशोक बकुला रिंपोछे यांचेच नाव विमानतळाला दिलेले आहे. दुपारनंतर खोऱ्यात जोराचे वारे सुटतात आणि ऊन चढले की हवा आणखी विरळ होते. म्हणून बहुतेक उड्डाणे सकाळीच उरकतात. 2024 च्या जुलैत लेहला असा उन्हाळा झाला की काही विमाने रद्द करावी लागली. थंडीच्या मुलुखात उष्म्याने विमान अडावे, हे नवल खरे. पण कारण तेच, हवेने भार उचलायला नकार दिला.

माणसाच्या देहालाही हाच हिशेब लागू आहे. प्रवासी विमानात साधारणपणे आठ हजार फुटांवर असावा इतका तरी हवेचा दाब राखलेला असतो. लेहला दार उघडते तेव्हा बाहेरची हवा त्याहूनही विरळ असते. एरवी आपण विमानातून उतरून दाट हवेत येतो, इथे उलटे घडते. म्हणून डॉक्टर सांगतात की पहिले एकदोन दिवस स्वस्थ पडून राहा. मी स्वतः तेथे गेलो तेव्हा मुक्कामाच्या घराचा एक जिना चढून पायरीवर बसून राहिलो होतो. अंगात हमाली मुरलेला मी, आणि जिन्याने मला बसवले! त्याच सकाळी धावपट्टीच्या कडेला तिथली पोरे विमानाच्या पोटातून पेट्या उतरवीत होती. त्यांना स्वस्थ पडून राहा असे कोणी सांगत नव्हते.

ही धावपट्टी मुळात कोणी केली, तेही ऐका. 1948 साली लेहवर आक्रमकांचे संकट आले आणि फौज पोहोचवायला वाट नव्हती. तेव्हा सोनम नोर्बू या लडाखी इंजिनिअरने स्थानिक लोकांना हाताशी धरून काही आठवड्यांत कच्ची धावपट्टी तयार केली. 24 मे 1948 रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन तेथे डकोटा विमान उतरवले. त्या विमानात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. मागोमाग विमानांतून सैनिक उतरू लागले आणि लेह वाचले. वैमानिकाचे धैर्य मोठे, यात शंका नाही. पण ज्यांनी दगड वेचून जमीन सपाट केली त्यांच्यावाचून ते चाक टेकले कुठे असते?

आज तेथे रस्तेही आहेत. परंतु श्रीनगरहून येणारा रस्ता साडेअकरा हजार फुटांच्या झोजी ला खिंडीतून येतो. पूर्वी बर्फामुळे तो वर्षातले चार-पाच महिने बंद असे. अलीकडे बर्फ उपसणाऱ्या मजुरांच्या मेहनतीने ही बंदी काही आठवड्यांवर आली आहे, आणि खिंडीखालून बोगद्याचे काम 2020 सालापासून हाती घेतलेले आहे. तरीही खिंड बंद होते तेव्हा लेहकराला उरते ती एकच वाट, विमानाची.

माझा खरा मुद्दा इथे येतो. आपण सहलीला जातो तेव्हा विमानातली जागा ही चैन असते. खिंड बंद असताना शस्त्रक्रियेसाठी दिल्लीला निघालेल्या आजाऱ्याला तीच जागा म्हणजे रस्ता असतो, एस.टी. असते, सारे काही असते. जागा मोजक्या, कारण हवाच मोजकी. मग मागे कोण राहणार, हे केवळ खिशाने ठरवावे काय? हिवाळ्यात अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची मालवाहू विमाने चालवली जातात, म्हणजे हा प्रश्न पैशावर सोडता येत नाही हे सरकारलाही मान्य आहे. 2020 च्या मे महिन्यात, टाळेबंदीत लडाखला अडकलेल्या झारखंडच्या 60 रस्तेकामगारांना विमानाने रांचीला पोहोचवण्यात आले. ज्यांनी त्या पहाडात रस्ते केले ते स्वतः आकाशमार्गाने घरी गेले. ठरवले तर होते, याचा हा पुरावा.

पूर्वी शंभर किलोचे पोते पाठीवर यायचे तेव्हा आमचे म्हणणे एवढेच होते की, पाठीची ताकद आधी मोजा, मग पोते भरा. लेहला हवेची ताकद रोज सकाळी मोजतात आणि मगच विमान भरतात. ही शिस्त फार चांगली आहे. तिच्यात एकच भर हवी: किती वजन न्यायचे हे जसे नियमाने ठरते, तसे आधी कोणाला न्यायचे हेही नियमाने ठरावे, आणि तो नियम तिकिटाच्या खिडकीवर सर्वांना वाचता येईल असा टांगलेला असावा. निसर्गाने घातलेली मर्यादा आपण बदलू शकत नाही. पण तिचा भार कोणाच्या पाठीवर टाकायचा, ते मात्र माणसेच ठरवतात.