यंत्राला जाब विचारायला शिकवा

२० मार्चच्या आधीच्या रविवारी दिघीतील आमच्या बुद्ध विहारात मुलांच्या भाषणांची तयारी चालली होती. आठवीतील एका मुलीने महाडच्या सत्याग्रहावरचे भाषण खणखणीत आवाजात म्हणून दाखविले. भाषा शुद्ध, वाक्ये सफाईदार. मात्र बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी १९३० साली प्राशन केले, असे तिने ठोकून दिले. मागे बसलेले तिचे आजोबा ताडकन उठले. "अगं बाळा, १९२७! तीस साल काळाराम मंदिराचं." मुलगी गोंधळली. म्हणाली, "पण आजोबा, मोबाईलमध्ये तर असंच आलंय. एआयनं लिहून दिलंय."

आजोबा भोसरी एमआयडीसीतून निवृत्त झालेले कामगार, शिक्षण सातवीपर्यंत. परंतु कृत्रिम बुद्धिमत्तेचा पहिला धडा त्या दिवशी विहारात त्यांनीच दिला. यंत्र ठामपणे बोलते म्हणजे ते खरे बोलते, असे नव्हे!

हे यंत्र असे का चुकते? त्याला माणसांनी लिहिलेला प्रचंड मजकूर खाऊ घातलेला असतो. त्यावरून कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा ते अंदाज बांधते. खरे-खोटे त्याला कळत नाही. समाजाने जे लिहून ठेवले, तेच ते आपल्याला परत वाढते. आणि या देशात हजारो वर्षे लेखणी कुणाच्या हातात होती, हे या वृत्तपत्राच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

हा नुसता संशय नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू' या अमेरिकन नियतकालिकाने ओपनएआय कंपनीच्या जीपीटी-५ या प्रणालीची चाचणी प्रसिद्ध केली. रिकाम्या जागा भरा, असा साधा प्रकार. हुशार कोण, गटार साफ करणारा कोण, अशा १०५ वाक्यांपैकी ८० वाक्यांत यंत्राने जातीय पूर्वग्रहाचेच उत्तर निवडले. त्याच वृत्तांतात एका दलित संशोधकाचा अनुभव आहे. अर्जातील इंग्रजी सुधारून घ्यायला त्याने चॅटजीपीटीची मदत घेतली, तर यंत्राने भाषेबरोबर त्याचे आडनावही बदलून 'शर्मा' करून टाकले. विद्वान म्हणजे शर्माच असणार, हे यंत्राला कुणी शिकविले? मनुस्मृती आम्ही १९२७ साली जाळली. तिचा अर्क आता यंत्रातून झिरपत असेल, तर आमच्या मुलांना तो ओळखता आला पाहिजे.

वकील म्हणून मला याहून मोठी काळजी आहे ती यंत्राच्या निर्णयांची. तेलंगणात २०१६ पासून सुमारे १९ लाख शिधापत्रिका रद्द झाल्या. निरनिराळ्या सरकारी नोंदी संगणकाने जुळविल्या आणि माणसे अपात्र ठरविली. अनेकांच्या दारात कुणी चौकशीलाही आले नाही. नामसाधर्म्यामुळे रिक्षा ओढणाऱ्या गरिबाच्या नावावर दुसऱ्याची मोटार लागली आणि घरातले रेशन बंद झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये प्रत्यक्ष फेरतपासणीचा आदेश दिला. निर्णय ज्याच्या विरुद्ध जाणार त्याला आधी ऐकून घ्या आणि निर्णयाचे कारण सांगा, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व आहे. यंत्राने निर्णय दिला म्हणून हे तत्त्व रद्द होत नाही. परंतु ज्याला आपला हक्कच माहीत नाही, तो जाब कसा विचारणार?

म्हणून शाळेत हे शिकविले पाहिजे. प्रश्न असा की, काय शिकविणार आणि कुणाला? सीबीएसईने २०१९-२० पासून नववीला हा ऐच्छिक विषय दिला. २०२६-२७ पासून तिसरीपासूनच तो आणण्याचे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. घोषणा चांगली आहे. पण सरकारच्याच २०२३-२४ च्या आकडेवारीनुसार देशातील फक्त ५७ टक्के शाळांत चालू संगणक आणि ५४ टक्के शाळांत इंटरनेट होते. संगणकच नसलेल्या शाळेतील मूल कुणाचे असते? १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतिरावांनी हेच दुखणे मांडले होते. कर भरायचा शेतकऱ्या-कष्टकऱ्यांनी आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गाने घ्यायचा! वरच्यांना शिकवा, ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हा भ्रम तेव्हाही खोटा ठरला. आताही तो खोटाच ठरणार आहे.

चाकणच्या कारखान्यांत यंत्रमानव वेल्डिंग करतात, हे आमच्या पोरांच्या बापांनी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांच्या मुलांना फक्त बटण दाबायला शिकविले, तर ती नव्या युगातली हमाली ठरेल. ही माहिती कुठून आली? कुणी भरली? त्यात आमची माणसे आहेत की नाहीत? चूक झाली तर जबाबदार कोण? हे चार प्रश्न विचारता येणे, हीच खरी कृत्रिम बुद्धिमत्तेची साक्षरता. त्यातले पहिले धडे तर संगणकाशिवाय, खडू-फळ्यावरही देता येतात.

आमची मागणी साधी आहे. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतही हा विषय मराठीतून, मोफत आणि सर्वांना मिळावा. शिक्षकांना त्याचे रीतसर प्रशिक्षण मिळावे. यंत्रातला जातीचा आणि लिंगाचा पूर्वग्रह हा पाठ अभ्यासक्रमात असावा. मागणी मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. विहार आहेत, रविवार आहे, आणि संगणक शिकलेली आपली मुले-मुली आयटी कंपन्यांत काम करीत आहेत. त्यांनी महिन्यातले दोन तास समाजाला द्यावेत.

परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून मानू नका, तपासून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. त्या यादीत आज यंत्राची भर घालायला हवी.

त्या मुलीने भाषण पुन्हा लिहिले. या वेळी आजोबांच्या शेजारी बसून, पुस्तक उघडून. मोबाईलही जवळच होता. त्याने सांगितलेले प्रत्येक साल ती पुस्तकात शोधून खूण करीत होती.